कुजबुज ऐकणारे

दोन माणसं हळू आवाजात बोलायला लागली की आपले कान टवकारतात. चारचौघांत ही सवय वाईटच. पण पेशी एकमेकींशी काय बोलतात याचा अभ्यास करणारी मंडळी जन्मभर हेच करतात आणि त्यांना त्याचा पगार मिळतो. क्वचित नोबेलसुद्धा.

ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला मिळालं. गोष्ट 1921च्या सुमाराची, ऑस्ट्रियातल्या ग्राझची. मज्जातंतू हृदयाला आदेश देतो तो विजेने की रसायनाने, यावर तेव्हा वाद होता. लोवी सांगायचा, की प्रयोगाची कल्पना त्याला झोपेत सुचली. अर्धवट जागा होऊन त्याने ती कागदावर खरडली आणि सकाळी स्वतःचं अक्षर स्वतःलाच लागेना. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तीच कल्पना पुन्हा आली, तेव्हा मात्र गडी कागदाच्या भानगडीत न पडता थेट प्रयोगशाळेत गेला. बेडकाची दोन हृदयं, दोन्ही खारट द्रावात धडधडत ठेवलेली. पहिल्याचा व्हेगस मज्जातंतू, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येणारा, त्याने चेतवला, ठोके मंदावले. मग त्या हृदयातला द्राव काढून दुसऱ्यात सोडला. दुसऱ्याच्या मज्जातंतूला कुणी हातही लावला नव्हता, तरी तेही मंदावलं. निरोप द्रावात उतरला होता. पुढे त्या रसायनाची ओळख पटली: ॲसिटिलकोलीन. 1936 साली हेन्री डेलच्या जोडीने लोवीला नोबेल मिळालं.

मला गंमत वाटते ती पुढची. हेच ॲसिटिलकोलीन दंडाच्या स्नायूला मिळालं की तो आकसतो. हृदयाला ‘दमानं घे’ आणि दंडाला ‘ओढ’, निरोप्या मात्र एकच. रेणूच्या अंगावर अर्थ लिहिलेला नसतो. ऐकणाऱ्या पेशीवर कोणता रिसेप्टर, म्हणजे निरोप पकडणारं प्रथिन, बसलाय आणि आतल्या बाजूला तो कशाशी जोडलाय, यावर सगळं ठरतं. बोलणाऱ्याने कितीही तोलूनमापून बोलावं, कारभार ऐकणाऱ्याच्या हातात. असो.

डिक्टिओस्टेलियम नावाचा एक अमीबा मातीत राहतो. खायला जिवाणू आहेत तोवर ज्याचा तो. उपासमार सुरू झाली की काही पेशी सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू बाहेर सोडतात. शेजारणीला तो लागला की ती त्या दिशेने सरकते आणि स्वतःही तोच रेणू सोडते. हाक पुढे जाते. साधारण दर सहा मिनिटांनी एक हाक. हे भरभर चालवलेल्या चित्रफितीत बघावं: काळसर पटलावर उजळ कडी उमटतात, काही ठिकाणी वळसे घेत पसरतात, आणि मग सगळा जमाव धारांनी मध्याकडे वाहू लागतो. लाखापर्यंत पेशी मिळून मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांबीचा एकच सरपटणारा जीव बनतो. पुढे त्यातल्या सुमारे एक पंचमांश पेशी देठ होऊन मरतात आणि बाकीच्या त्यावर बीजाणू होऊन बसतात.

त्या सहा मिनिटांत आणखी एक काम चालतं. याच पेशी सायक्लिक एएमपी मोडणारं एन्झाइमही बाहेर सोडतात. आधीची हाक रेंगाळत राहिली तर पुढची ऐकू कशी येणार? आपल्या मज्जातंतू आणि स्नायूंमधल्या फटीतही ॲसिटिलकोलीन असंच लगेच तोडलं जातं. काही कीटकनाशकं त्या तोडणाऱ्या एन्झाइमलाच बंद पाडतात. बोलणं पुसलं गेलं नाही तर जीव जातो, इतकं हे पुसणं मोलाचं.

अलीकडे एकेका पेशीचं वेगळं ऐकायचा, म्हणजे तिची कोणती जनुकं चालू आहेत ते नोंदवायचा ध्यास लागलाय, आणि इथे घोडं अडतं. ऊतीतली पेशी सुटी करायची तर तिचे शेजारणींशी असलेले बंध एन्झाइमने तोडावे लागतात. म्हणजे गप्पा ऐकायच्या म्हणून आधी बोलणाऱ्यांनाच पांगवायचं. त्या ओढाताणीत पेशी बिथरते, तिची ताणाची जनुकं जागी होतात आणि तीही नोंदीत उतरतात. मग संगणक सांगतो, ही पेशी अमुक रेणू बनवते, त्या दुसरीकडे त्याचा रिसेप्टर आहे, तेव्हा दोघींचं बोलणं असणार. दोघांच्या फोनमध्ये एकमेकांचे नंबर सापडले म्हणून ते रोज बोलतात असं ठरवण्यातला हा प्रकार. आता ऊतीचा काप तसाच ठेवून, शेजार न मोडता वाचण्याच्या पद्धती आल्यात. पण त्या कापातली पेशी बहुतेक वेळा आधीच गप्प केलेली असते. जिवंतपणी ऐकायचं तर, निरोप मिळाल्यावर पेशीत बऱ्याचदा कॅल्शियम वाढतं याचा फायदा घेतात: कॅल्शियम वाढलं की चमकणारी प्रथिनं पेशींत घालतात आणि ती चमक एकीकडून दुसरीकडे सरकताना सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. माझा विश्वास या चमकेवर जास्त. तिच्यातून निरोप कुठून कुठे गेला एवढं तरी डोळ्यांनी दिसतं. निरोप काय होता, त्यासाठी वेगळा प्रयोग मांडावा लागतो.