रविवारी बाकावर बसलेली ती

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी तीनच्या सुमारास मी दूध आणायला खाली उतरले. सिंगापूरच्या आमच्या इमारतीला तळमजल्यावर भिंती नाहीत, नुसते खांब आणि मोकळी जागा. व्हॉइड डेक म्हणतात त्याला. तिथल्या बाकावर आमच्याकडे घरकामाला आलेली मुलगी बसली होती. सकाळी नऊला मी मोठ्या मनानं सांगितलं होतं, "आज तुझा दिवस, फिरून ये." सहा तास ती तिथंच. मांडीवर पिशवी, पिशवीत मीच बांधून दिलेली पोळीभाजी. गाठसुद्धा सोडलेली नव्हती.

"गेली नाहीस कुठे?"

"कुठे जायचं, मॅम?"

मला उत्तर देता आलं नाही. येऊन अकरा दिवस झाले होते तिला. अकरा दिवसांत मी तिला गॅस, वॉशिंग मशीन, बाळाच्या बाटल्या उकळायची पद्धत, कुठलं फडकं कुठल्या ओट्याला, सगळं शिकवलं. घराबाहेरचं काहीच दाखवलं नव्हतं.

गावाकडच्या मैत्रिणी विचारतात, कामाला बाई ठेवायची तर एवढा काय खटाटोप? इथे पहिल्यांदा ठेवणाऱ्या मालकालाच आधी वर्ग करावा लागतो. मी केला. पहिल्यांदाच येणाऱ्या मुलीलाही एक दिवसाचं शिक्षण सक्तीचं आहे. तिच्या नावानं सरकारकडे 5000 डॉलरची हमी असते, दर सहा महिन्यांनी डॉक्टरी तपासणी असते. तिचा पासपोर्ट मालकानं ठेवून घ्यायचा नाही. ज्या एजन्सीतून ती आली तिथल्या बाई मात्र हळूच म्हणाल्या, "कपाटात ठेवा, बरं असतं." मी नाही ठेवला. पण दोन रात्री तो विचार डोक्यात घोळला, हेही खरं. ती निघून गेली तर हमीची रक्कम जाईल, ही भीती वाटतेच.

एक नियम मला मनापासून आवडतो. वरच्या मजल्यावरची खिडकी बाहेरून पुसायची तर जाळी बसवून कुलूप लावलेलं हवं आणि मोठं माणूस समोर उभं हवं. इथे कामवाल्या मुली खिडकी पुसताना उंचावरून पडून मेल्यात, म्हणून 2012 साली हा नियम आला. बाळंतपणासाठी आलेल्या माझ्या आईला हे ठाऊक नव्हतं. मुलगी आल्या आल्या आईनं तिला काच पुसायला लावली. दहावा मजला, मुलगी कमरेपर्यंत बाहेर. मी ओरडलेच. आई दुखावली. "आपल्याकडे माडीच्या खिडक्या कोण पुसतं मग?" म्हणाली. गावातल्या माडीची उंची आणि ही उंची यांची बरोबरी होत नाही, हे मी तिला गॅलरीतून खाली दाखवून समजावलं.

सुट्टीवरून मात्र घरात खरी तेढ झाली. 2013 पासून आठवड्याला एक सुट्टी तिच्या हक्काची. जास्तीचे पैसे देऊन, तिच्या राजीनं, त्या दिवशी काम करून घेता येतं. पण 2023 पासून महिन्यातली एक सुट्टी तरी द्यावीच लागते, तिच्या बदल्यात पैसे चालत नाहीत. फोनवर भाऊ म्हणाला, "आठवड्याला सुट्टी? मग बाई ठेवून उपयोग काय?" जळगावकडच्या यावल तालुक्यातल्या आमच्या घरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं, वर्षभराच्या शेतगड्याचं, साल ठरतं. आखाजी ते आखाजी. बाजाराच्या दिवशी अर्धा दिवस सोडला तर सुट्टी नावाची गोष्ट नाही.

मला भावाचा राग आला आणि त्याची बाजूही घ्याविशी वाटली. आमच्या सालदाराला आम्ही पोरं काका म्हणायचो. पोळ्याला नवे कपडे, बैलांबरोबर त्यालाही पुरणपोळी. त्याच्या पोरीच्या लग्नात धान्य आमच्याकडूनच गेलं. हे माझ्या शेजारणीच्या घरी होत नाही. ती महिन्याचा पगार तारखेला देते आणि कामवाल्या मुलीचं गावही तिला ठाऊक नाही. पण काकाचं ताट खळ्यातल्या कोनाड्यात वेगळं असायचं. ते मला परवा आठवलं, कारण आमची ही मुलगी पहिल्या दिवशी ताट घेऊन ओट्याशी उभी राहून जेवली आणि मला त्यात वावगं काहीच दिसलं नव्हतं. आईनं विचारलं, "पोरगी बसून जेवली का व?" तेव्हा कुठं मी खुर्ची ओढली.

आणि नवीन सालदार सातपुड्यातून पहिल्यांदा आला की माझे आजोबा स्वतः त्याला गावभर फिरवून आणायचे. मारुतीचा पार, गिरणी, किराणा दुकान, विहिरीची वाट. "हा आपला माणूस" म्हणून चार जणांना सांगायचे. मी वर्गात बसून सगळे नियम पाठ केले, आणि नेमकं हेच केलं नाही.

ती म्यानमारमधल्या मंडालेजवळच्या खेड्यातली. आईनं लगेच विचारलं, "टिळकांना ठेवलं होतं ते मंडाले?" सहा वर्षं होते तिथे, हे आईला शाळेतलं आठवत होतं. पण दोघींचं जुळलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. आई परातीत उडीद निवडत बसली होती. मुलीनं मूठभर उचलले, ओंजळीत वरखाली केले आणि म्हणाली, "माटपे!" तिच्या घरच्या शेतात उडीद, तूर, तीळ, भुईमूग. आपल्याकडे पिकलं नाही की म्यानमारचीही तूर-उडीद येते, हे बाजारात दर पडले की माझ्या भावाला बरोबर कळतं. तिच्या बापाला कधी भाव मिळतो, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी परात मध्ये ठेवून दोघी निवडत बसल्या. एकीची भाषा दुसरीला येत नाही. खडे मात्र दोघींनी सारख्याच चपळाईनं बाजूला काढले.

सकाळी ती थानाखा नावाच्या झाडाचं खोड दगडावर पाणी घालून उगाळते आणि गालाला लावते. आई बघत राहिली आणि म्हणाली, "आपली सहाणच की."

मासळीच्या वाटणाचा वास मात्र अजून मला सोसत नाही. आमचं घर शाकाहारी, आणि तिला त्याशिवाय घास उतरत नाही. घट्ट झाकणाची बरणी, खिडकी उघडी, आमची जेवणं आटोपल्यावर, असं ठरवलंय. तिनं "चालेल" म्हटलं. माझ्या घरात माझ्या नाकाला एवढी सवलत असावी, असं मला वाटतं.

पुढच्या रविवारी मी बाळाला आईकडे ठेवून तिच्याबरोबर एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, सिटी हॉलला गेले. पेनिन्सुला प्लाझात शिरल्याबरोबर बर्मी पाट्या, बर्मी बोलणं, आंबवलेल्या चहापत्तीची पाकिटं. तिची चाल बदलली. एका दुकानाशी तिच्या भागातली एक बाई निघाली. दोघी इतक्या भरभर बोलायला लागल्या की मी तिथं असल्याचं त्यांना आठवेना. मी परतीचं स्टेशन तिच्या फोनवर लिहून दिलं आणि निघाले.

रात्री आठला ती आली. आईसाठी पुडीत तळलेले वाल आणि शेंगदाणे. आईनं दोन दाणे तोंडात टाकले आणि म्हणाली, "तिखट नाही." मग उठून मिरचीचा ठेचा काढून तिच्यापुढे ठेवला.