आमची वाटचाल : कुणालाच नको असलेलं काम

आमच्या वर्कशॉपची सुरुवात साध्या जॉबवर्कने झाली. एक लेथ, एक पिलर ड्रिल, एक वेल्डिंग सेट. शाफ्ट भरून देणं, पुली बोअर करणं, असली कामं. तुटके बोल्ट काढणं त्यातलं सगळ्यात नावडतं. कुणी आणलं तर ओळखीखातर करायचो, पैसे सांगायलाही संकोच वाटायचा. तेच पुढे आमचं मुख्य काम झालं, कारण ते दुसऱ्या कुणालाच करायचं नव्हतं.

जॉब आमच्याकडे आणता येत नाही, ही पहिली अडचण. इंजिनचा ब्लॉक, पंपाची बॉडी, प्रेसचा बेड जागेवरून हलत नाही. म्हणून मॅग्नेटिक ड्रिल, म्हणजे चुंबकाने लोखंडाला चिकटून उभं राहणारं ड्रिल, घेतलं आणि आम्हीच मशीनपाशी जाऊ लागलो. उभ्या फ्लॅंजवर (बोल्टची भोकं असलेल्या कडेवर) हातात ड्रिल धरून बरोबर मध्य साधणं कठीण. बिट तुटक्या, तिरक्या तोंडावरून घसरतं आणि बाजूचं मऊ कास्टिंग खातं. त्यासाठी शेजारच्या भोकांचा आधार घेऊन बसणारी बुशिंगची प्लेट, म्हणजे ड्रिलला बरोबर मध्यावर धरणारी नळी बसवलेली पट्टी, लेथवर बनवायला लागलो. आजही निम्मं काम ती प्लेटच करते.

पण धंद्याला खरं वळण मिळालं ते तुटलेलं तोंड बघायची सवय लागल्यावर. चालत्या मशीनमध्ये पुन्हापुन्हा येणाऱ्या भाराने थकून तुटलेल्या बोल्टच्या तोंडावर चढत गेलेल्या बारीक रेषा दिसतात, आणि शेवटी तुटलेला भाग खरखरीत असतो. असा बोल्ट बहुतेक वेळा आधीच ढिला असतो. डाव्या आट्यांचं, म्हणजे उलट्या दिशेने फिरून कापणारं ड्रिल लावलं की पुष्कळदा स्वतःच उलटा फिरून बाहेर येतो. सोडवताना पिळून तुटलेला मात्र बहुधा गंजाने धरलेलाच असतो. दोघांना एकच इलाज करणाऱ्यांकडून बिघडलेले जॉब आमच्याकडे येतात.

इझी-आउट, म्हणजे तुटक्या बोल्टात भोक पाडून त्यात उलटं फिरवत घालायचा कडक स्टीलचा काढणारा स्क्रू. त्याबद्दल आमचं मत चांगलं नाही. निमुळतं असल्यामुळे ते आत जाताना स्टडला (आत राहिलेल्या तुकड्याला) बाहेर फुगवतं, म्हणजे जाम झालेला स्टड आणखी जाम. आणि ते आत तुटलं तर साधं ड्रिल त्याच्यावर चालतच नाही. त्यापेक्षा तुटक्या टोकावर नट ठेवून आतून वेल्ड भरणं बरं. स्टड तापून फुगतो, थंड होताना आकसतो, गंजाची पकड सुटते, आणि मग नटला पाना लावून तो फिरवता येतो. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये हे छान जमतं, कारण स्टीलचं वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही. बिडाच्या कास्टिंगमध्ये मात्र हात आवरूनच करावं लागतं, नाहीतर चीर जाते.

आत तुटलेले टॅप (आटे पाडायचं हत्यार) आणि इझी-आउट यांच्यासाठी पुढे पोर्टेबल स्पार्क मशीन घेतलं. पोकळ इलेक्ट्रोडमधून पाणी सोडायचं आणि ठिणग्यांनी धातूची भुकटी करत आत जायचं. जोर लागत नाही, त्यामुळे धातू कितीही कडक असला तरी फरक पडत नाही. इलेक्ट्रोड आट्यांच्या आतल्या व्यासापेक्षा लहान घ्यायचा. मग उरलेली पातळ साल टोच्याने सोलून काढता येते आणि मूळ आटे वाचतात. हे मशीन घेताना घरात बरीच वादावादी झाली होती. कर्ज मोठं होतं आणि काम मिळेलच याची खात्री नव्हती. आता कामावर निघताना गाडीत सगळ्यात आधी तेच चढतं.

आटे वाचलेच नाहीत तर भोक मोठं करून हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी स्टेनलेस तारेची गुंडाळी, बसवतो. मूळ बोल्ट एम १० चा (१० मिमी व्यासाचा) असेल, तर बोल्टही एम १० च राहतो. एम १२ करायची गरज नाही. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेसचे हे आटे पूर्वीपेक्षा जास्त टिकतात. काम झाल्यावर बोल्ट का तुटला तेही लिहून देतो. एक बोल्ट थकून तुटला असेल तर शेजारच्यांनीही तोच भार सोसलेला असतो, म्हणून पूर्ण सेट बदला आणि टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्यानेच) आवळा, असं सांगतो. त्यामुळे तेच गिऱ्हाईक त्याच मशीनसाठी परत बोलवत नाही. आमचा लेथवाला यावरून कुरकुरतो. पण त्याच गिऱ्हाइकाकडून नवं गिऱ्हाईक येतं, हे त्यालाही माहीत आहे.

बोलवण्याआधी तुटलेल्या तोंडाचा जवळून काढलेला फोटो पाठवा, भोक आरपार आहे की बंद ते कळवा, आणि आम्ही येईपर्यंत त्यात दुसरं काही ठोकू नका.