पडदा नेला तरी

शनिवारी सकाळी पोहे संपवून लॅपटॉप उघडला, मनात एवढंच की डब्लेटचा स्पॉट डायग्राम, म्हणजे लेन्समधून गेलेले किरण कुठे कुठे पडतात त्याचं ठिपक्यांचं चित्र, एकदा बघू आणि फाईल पाठवून मोकळं होऊ. (डब्लेट म्हणजे क्राऊन आणि फ्लिंट काचेची जोडी, एकीनं फाकवलेले रंग दुसरी बऱ्यापैकी गोळा करून आणते, आपल्याकडच्या संसारांसारखं.) इंदूरमध्ये लेन्सचं काम करतो म्हटलं की लोक लगेच "कॅटमध्ये का?" विचारतात. नाही हो, ते सरकारी संशोधन केंद्र, १९८४ पासूनचं मोठं प्रकरण, लेझर, सिंक्रोट्रॉन वगैरे, मी एका छोट्या कंपनीत, आणि शनिवारी रामबागेतल्या घरी.

तर लेन्स डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या मेनूत जाऊन स्पॉट डायग्राम दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. बाकी सगळं चालू, त्रिज्या बदलली की आकडे बदलतायत, फक्त ही एकच विंडो रात्री बंद केली ती परत उघडायला तयार नाही. एरर आली असती तरी चाललं असतं, निदान भांडायला कोणी मिळालं असतं. मित्राला फोन केला तर म्हणाला "भिया, रीस्टार्ट मार दो", मारलं, मग सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, त्यात तास गेला आणि मधे आईनं दोनदा विचारलं की नळ येऊन गेला, मोटर लावलीस का. परत टाकूनही तेच.

मग सहज टास्कबारवर माउस गेला आणि तिथल्या इवल्याशा चित्रात स्पॉट डायग्राम दिसला! निळे, हिरवे, लाल ठिपके, सगळं जागच्या जागी. म्हणजे विंडो उघडलीय. मग आहे कुठे?

तेवढ्यात आतल्या खोलीतून मॅचचा आरडाओरडा आला. भाचा सुट्टीला आलाय, आणि मी झोपल्यावर माझा दुसरा मॉनिटर उचलून नेलाय.

तो मॉनिटर लॅपटॉपच्या डावीकडे असतो. मुख्य स्क्रीनचा डावा वरचा कोपरा म्हणजे शून्य, त्यामुळे डावीकडचं सगळं उणे, मॉनिटर १९२० पिक्सेल रुंद असला तर पार उणे १९२० पर्यंत. सेटिंगची फाईल उघडून बघितली तर विंडोची जागा उणे १४५०. ही फाईल युजरच्या फोल्डरमध्ये पडून असते, सॉफ्टवेअर काढलं तरी तिला धक्का लागत नाही, आणि सॉफ्टवेअर बिचारं दर वेळी ती वाचून इमानदारीत तिथेच विंडो मांडतंय, जिथे स्क्रीनच नाही.

हसू आलं कारण हे मी शाळेत शिकलोय. १० सेंटीमीटर फोकसचं भिंग, २० वर मेणबत्ती, पलीकडे २० वर कागद, त्यावर उलटी ज्योत. सरांनी कागद काढून घेतला आणि विचारलं, चित्र कुठे गेलं? आम्ही कोरसमध्ये, "गेलं!" सर म्हणाले, कुठेही गेलं नाही, तिथेच आहे, मागे सरकून भिंगाकडे बघा. आणि खरंच, हात-दीड हात मागून बघितलं की ज्योत हवेत उलटी लटकलेली. पडदा असो नसो, किरण जिथे एकत्र यायचे तिथे येतातच. एवढं माहीत असणाऱ्या माणसानं एक तास इन्स्टॉल-अनइन्स्टॉल करावं म्हणजे कमाल आहे.

मॉनिटर परत मागायची सोय नव्हती, शेवटच्या ओव्हर चालू होत्या. टास्कबारवरून विंडो निवडली, ऑल्ट आणि स्पेस, मग एम, मग उजवा बाण एकदा, आणि माउस हलवला तशी विंडो त्याला चिकटून डाव्या कडेतून आत आली.

आल्यावर मोठ्या आकारात नीट दिसलं की निळे ठिपके अजून एअरीच्या वर्तुळाबाहेरच (उत्तम लेन्सलाही प्रकाशाचा ठिपका याहून लहान करता येत नाही, ते वर्तुळ) सांडलेत. फाईल काही त्या दिवशी गेली नाही.