बारा नंबरचे काका आणि माझी ओईटी

सोमवार, नाईट करून आल्यावर

अंघोळ झाली, चहा झाला, तरी डोळा लागत नाही. सकाळी ड्यूटी संपवून पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना, म्हणजे पेशंटची माहिती सोपवताना, जे मनात आलं ते आधी लिहून काढते, मग झोपेन.

बारा नंबरला एक काका आहेत. नाव-गाव लिहिणार नाही, घाटाकडच्या तालुक्यातले आहेत एवढं पुरे. मॉर्निंगच्या सिस्टरला मी सांगितलं ते असं: "बारा नंबर, डायबेटिक फूट, उजव्या अंगठ्याची जखम. रात्री 2 वाजता शुगर 312, डॉक्टरांना कळवलंय. ताप नाही. ड्रेसिंग आज करायचंय. इन्सुलिन नको म्हणतात, गोळ्याच चालू आहेत. राउंडला हा विषय निघायला हवा." झालं. अर्धा मिनिटसुद्धा लागलं नाही. काकांचं अपेंडिक्सचं जुनं ऑपरेशन, थोरला मुलगा पुण्याला असतो ते, रात्री भाकरी अर्धीच खाल्ली ते, यातलं मी काही बोलले नाही. फाइलमध्ये सगळं आहे. पण पुढच्या बारा तासांत त्या सिस्टरला ज्यावाचून अडेल तेवढंच तोंडातून निघालं, आणि ते आपोआप निघालं.

ओईटी, म्हणजे परदेशी जायला मी देतेय ती आरोग्य क्षेत्रातल्यांची इंग्रजीची परीक्षा, तिच्या रायटिंगमध्ये हेच तर मागतात! इतके दिवस मी त्या पत्राला इंग्रजीचा पेपर समजून भीत होते. पंचेचाळीस मिनिटं असतात. पहिली पाच नुसती वाचायची, त्यात पेन उचलायचं नाही. पेशंटच्या केस नोट्स देतात आणि त्यावरून रेफरलचं किंवा डिस्चार्जचं पत्र लिहायचं, साधारण 180 ते 200 शब्दांत. नोट्समध्ये मुद्दाम जास्तीचं भरलेलं असतं. पेशंटला बागकामाची आवड आहे, दहा वर्षांपूर्वी हात मोडला होता, नवरा रिटायर झालाय, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. यातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं हीच खरी परीक्षा. मार्क सहा निकषांवर पडतात आणि त्यातला पहिला 'हेतू', म्हणजे पत्र कशासाठी लिहिलंय ते वाचणाऱ्याला सुरुवातीलाच कळलं पाहिजे. भाषा हा सहापैकी एक निकष आहे.

क्लासमध्ये मात्र आम्हाला तयार साचे पाठ करायला लावतात. सुरुवातीचा परिच्छेद पाठ, शेवटचा परिच्छेद पाठ, मध्ये नाव आणि आजार भरायचा. मला ते मुळीच पटत नाही. तेच कागद समोर ठेवून पत्र डॉक्टरांना लिहायचं असेल तर एक निघेल आणि घरी जाऊन ड्रेसिंग करणाऱ्या नर्सला लिहायचं असेल तर वेगळंच निघेल. त्या नर्सला पेशंट बाईंच्या घराला किती पायऱ्या आहेत आणि घरात मदतीला कोण आहे हे कळायला हवं. डॉक्टरांना त्याचं काय? साचा पाठ केला की वाचणारा माणूसच डोळ्यांसमोरून जातो. पंधरा वर्षं ओव्हर देणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायची गरज नाही, तिला फक्त तेच इंग्रजीत करू द्या.

बुधवार

आज ऑफ. लिसनिंग केलं.

इथे कोल्हापुरात बावड्याहून राजारामपुरीला क्लासला जाताना केएमटीच्या बसमध्ये इअरफोन लावून बसते. घरी शांतता मिळत नाही हे एक कारण. दुसरं म्हणजे गोंगाटात ऐकायची सवय झालेली बरी, कारण पुढे वॉर्डात काम करायचं तर तिथे कोण शांत बसणार आहे? बेचाळीस प्रश्न असतात आणि सगळं एकदाच ऐकवतात. पहिल्या भागात पेशंट आणि तपासणारा यांचं बोलणं चालू असतं, आपण समोरच्या नोट्समधल्या रिकाम्या जागा भरायच्या. चोवीस गुण तिथेच आहेत. पेशंट त्यांच्याकडचे असले तरी आपल्या पेशंटसारखेच बोलतात. दुखणं सांगता सांगता कामाचं, मुलांचं, गेल्या वर्षीच्या प्रवासाचं काढतात आणि मध्येच, जाता जाता, महत्त्वाचं बोलून जातात. हे ओळखायला मला जड जात नाही. जड जातात ते ऑस्ट्रेलियन उच्चार आणि आकडे. फिफ्टीन आणि फिफ्टी बोलण्याच्या ओघात एकसारखे येतात. फोनवर ऑर्डर घेताना आम्ही 'वन फाइव्ह' असं सुटं सुटं म्हणून परत विचारून घेतो, कारण औषधाच्या डोसात हा घोटाळा परवडत नाही. परीक्षेत परत विचारता येत नाही. त्यामुळे रोज नुसते आकडे ऐकायचे असं ठरवलंय.

रीडिंगच्या पहिल्या भागाचंही तसंच. चार छोटे उतारे, वीस प्रश्न, पंधरा मिनिटं. सगळं वाचत बसलं की वेळ गेलाच. ज्याचं उत्तर हवं त्याच ओळीवर नजर गेली पाहिजे. अभ्यासिकेत माझ्या शेजारी एमपीएससीची पोरं बसतात. त्यातल्या एकीने मला मोबाइलवर वेळ लावून दिली आणि "ताई, वर बघायचं नाही हं" म्हणून दटावलं. गुणाची पोर आहे.

शुक्रवार, रात्री

आजचं सविस्तर लिहायचं आहे.

स्पीकिंगला दोन रोल-प्ले असतात, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे. आपल्या हातात एक कार्ड देतात, त्यावर जागा, पेशंटची हकिकत आणि आपण काय काय करायचं ते लिहिलेलं असतं. वाचून तयारी करायला दोन-तीन मिनिटं. समोरचा माणूस पेशंट होतो, त्याचं कार्ड वेगळं. तो का घाबरलाय किंवा का चिडलाय हे आपल्या कार्डावर नसतं, ते बोलून बाहेर काढायचं. मार्क देताना इंग्रजी तर बघतातच, उच्चार, ओघ, व्याकरण सगळं. शिवाय 2018 पासून पेशंटशी कसं बोललात यालाही गुण आहेत. नातं जुळवलं का, त्याची बाजू समजून घेतली का, माहिती नीट विचारली का, सांगताना एकेक करून सांगितली का. मला हे फार योग्य वाटतं. ही परीक्षा बारा प्रकारच्या आरोग्य व्यवसायांसाठी आहे. त्यात लिसनिंग-रीडिंग सगळ्यांना एकच असतं, रायटिंग आणि स्पीकिंग मात्र ज्याच्या त्याच्या कामाचं.

काल लेकीला पेशंट केलं होतं. आठवीत आहे, सेमी इंग्रजीला, आणि नाटकाची भारी हौस. कार्डावर होतं की पेशंट इन्सुलिन घ्यायला तयार नाही. मी लगेच इन्सुलिन किती चांगलं, किती गरजेचं ते सांगायला लागले. तिने कार्ड खाली ठेवलं आणि म्हणाली, "आई, पण तू मला विचारलंच नाहीस मी नको का म्हणते ते." कार्डावर पहिलंच काम ते होतं: पेशंटला काय वाटतं ते जाणून घ्या.

आज दुपारच्या ड्यूटीला बारा नंबरच्या काकांचं ड्रेसिंग करायला मीच होते. राउंडला त्यांनी परत नाही म्हटलेलं. डॉक्टरांनी समजावलं, रेसिडेंटने समजावलं, काका छताकडे बघत राहिले. मी जखम धुता धुता म्हटलं, "काका, सुईचं राहू दे. तुम्हाला भीती कशाची वाटते तेवढं सांगा."

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "सुई लावली की पाय काढत्यात."

"कुणाचा काढला?"

"आमच्या पावण्याचा. सुई सुरू केली आन् म्हैन्याच्या आत पाय गेला. गोळीवर हुता तवर चांगला चालत हुता की."

"सुई सुरू करायच्या आधी त्यांच्या पायाला जखम होती का?"

"हुती की. काटा मोडलेला शेतात. लई दीस हुती. पर दुखत नव्हती म्हनून ग्येला न्हाई दवाखान्यात."

हे ऐकल्यावर मला काय सांगायचं ते समोर लख्ख दिसलं. मी त्यांना विचारलं, "तुमचा अंगठा दुखतोय का आत्ता?" म्हणाले, न्हाई. मी जखमेच्या कडेला बोट टेकवून दाखवलं आणि पाहुण्यांचं का दुखलं नव्हतं ते सांगितलं. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, काटा मोडला तरी कळत नाही. रक्तही पायापर्यंत नीट पोचत नाही, मग जखम भरत नाही, आत पू होतो. तुमच्या पाहुण्यांना सुई लावली तेव्हा पाय आधीच खराब झालेला होता. सुईने पाय गेला नाही काका, सुईला उशीर झाला. एवढं सांगून थांबले. आणखी चार गोष्टी जिभेवर होत्या, त्या गिळल्या. मग विचारलं, "आता मी काय म्हणाले ते तुम्ही मला सांगा बघू." त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलं, अगदी बरोबर.

हो म्हणाले नाहीत लगेच. पट्टी बांधून होईपर्यंत काही बोलले नाहीत. मी ट्रॉली घेऊन निघाले तेव्हा काकूंना म्हणाले, "इच्यार सिस्टरला, घरात फ्रिज न्हाई आपल्या."

म्हणजे सुई घरी कशी ठेवायची इथपर्यंत काका मनाने पोचले होते. मी परत फिरले. चालू बाटली सावलीत, चुलीपासून लांब ठेवायची, उन्हाळ्यात मातीच्या मडक्यात ओलं फडकं गुंडाळून ठेवता येते, बाटलीला पाणी लागू द्यायचं नाही, हे काकूंना दाखवून समजावलं. पोटावर बेंबीपासून दोन बोटं सोडून टोचायचं आणि रोज जागा बदलायची. काकूंनी डॉक्टरांच्या आधी मला विचारलं, "मी टोचली तर चालंल काय?" चालेल, काकू, उद्यापासून माझ्यासमोर शिका म्हटलं. संध्याकाळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऑर्डर लिहिली.

परीक्षेच्या तयारीतून हे माझ्या हातून झालं याचा मला आज मनापासून आनंद आहे. इतकी वर्षं मी पेशंटला समजावतच आले. जीव तोडून समजावते, वॉर्डात माझं नाव आहे त्यासाठी. पण आधी विचारायचं, मग थोडं सांगायचं, मग त्याच्याकडून ऐकून घ्यायचं, ही रीत मला त्या कार्डाने लावली. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, बिछाना कसा लावायचा यावर तास झाले, माणसाशी कसं बोलायचं यावर असं बसवून कुणी घेतलं नाही. आपल्याकडच्या नर्सिंगच्या पोरींना ही कार्डं मराठीतून द्यायला हवीत असं मला फार वाटतं. परदेशी जाणाऱ्यांनाच कशाला?

रविवार

सकाळी आत्यांना अंबाबाईला घेऊन गेले, येताना भाजी. दुपारी सगळे बसलो होतो तेव्हा विषय निघालाच.

हे शिरोलीला फाउंड्रीत आहेत. म्हणाले, "तू जा, मागनं आम्ही येतो. इथं मी बघतो." आत्या आधी काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "इंग्रजी येतंय न्हवं तुला, मग कशाला घाबरतीस?" आत्यांनी असं म्हणावं याने मला भरून आलं. त्या शाळेत गेल्या नाहीत. घरात भांडी घासायला माणूस लावायची परिस्थिती नव्हती तेव्हा माझ्या नाईट त्यांनी निभावल्या, लेक त्यांच्याच कुशीत वाढली.

ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला बी ग्रेड लागते, म्हणजे 500 पैकी किमान 350. रायटिंगला सी प्लस, 300 चालतात. पुढे सीबीटी, म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा, आणि तिकडे गेल्यावर ओस्की, म्हणजे प्रात्यक्षिक. म्हणजे हा पहिलाच उंबरठा आहे. पगार हे कारण आहेच, लेकीचं शिक्षण आहे. पण एका सिस्टरच्या वाट्याला किती पेशंट यावेत याचा तिथे विचार होतो असं आमच्यातल्या गेलेल्या मुली सांगतात, आणि ते मला पगाराइतकंच ओढतं. एकेका पेशंटजवळ बसून बोलायला वेळ मिळणार असेल तर तशी नोकरी मला एकदा करून बघायची आहे.

आणि काका-काकूंसारख्या माणसांना कोल्हापुरात कोण विचारणार, हाही प्रश्न आज दिवसभर डोक्यात होता. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. वॉर्डातल्या दोन ज्युनिअर पोरींना मात्र ड्रेसिंगच्या वेळी सोबत घ्यायला सुरुवात करणार आहे.

मंगळवार

पत्र तपासून मिळालं. मी साचा न वापरता लिहिलं होतं: घरी जाणाऱ्या एका आजींबद्दल, कम्युनिटी नर्सला. सरांनी सुरुवातीच्या ओळीवर लाल रेघ मारली होती, 'पाठ केलेली ओळ वापरा' म्हणून. मी तास संपल्यावर त्यांना विचारलं, "सर, तुम्ही ती नर्स आहात समजा. उद्या सकाळी आजींच्या घरी जायचंय. या पत्रातलं तुम्हाला काय कमी पडलं?" त्यांनी पत्र परत वाचलं. म्हणाले, "जखमेचे टाके कधी काढायचे ते नाही." बरोबर होतं त्यांचं. ते नोट्समध्ये दुसऱ्या पानावर खाली होतं आणि ते यायलाच हवं होतं. पहिल्या ओळीवर मात्र आमचं एकमत झालं नाही. मी माझी ओळ ठेवणार आहे.

परीक्षेसाठी मी मुंबईचं सेंटर घेतलंय. आदल्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने जायचं, त्यासाठी नाईट बदलून घेतली. बदली करणाऱ्या सिस्टरला पुढच्या महिन्यात तिच्या भावाच्या लग्नाला दोन दिवस द्यायचेत, वहीत लिहून ठेवलं.

बारा नंबरला आज डिस्चार्ज. डिस्चार्ज कार्डावर गावच्या आरोग्य केंद्रासाठी मी मराठीत खाली वेगळं लिहून दिलं: सुई काकू टोचतात, त्यांचा हात बसलाय, मडक्याचं माहीत आहे, टाके नाहीत, ड्रेसिंग एक दिवसाआड, पायाला बधिरपणा आहे तेव्हा दोन्ही तळपाय दर वेळी बघावेत. काकूंना कार्ड वाचून दाखवलं. आता रात्री साडेआठ ते दहा रीडिंगचा पहिला भाग, वेळ लावून.