गेम बॉयवर दिसलेली दोन कुबडं

बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशिनशॉपमधून फोन आला. टर्निंगचं मशीन चालता चालता रिसेट होतंय, दोन दिवस माल अडलाय. 24 व्होल्टचा सप्लाय मीटरवर 23 दाखवत होता, त्यामुळे सप्लाय बरा आहे असं आधीचा माणूस सांगून गेलेला.

माझ्याकडे ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, नाही. घ्यायचा म्हटलं की दर वेळी दुसराच खर्च आडवा येतो. पिशवीत होता तो भंगारातला गेम बॉय, हातात धरून गेम खेळायचं निन्टेन्डोचं यंत्र, 1989 साली निघालेलं ते जाडजूड राखाडी मॉडेल. त्याच्या पाठीत, गेमची डबी बसते तिथे, मी घरी जोडलेलं कार्ट्रिज. बाहेरच्या रॅमसाठी राखलेल्या पत्त्यावर एडीसी 0804, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारी चिप, बसवलीय. तिथे लिहिलं की मोजणी सुरू, वाचलं की आकडा हातात. प्रोग्रॅम साठवणाऱ्या पहिल्या ईप्रॉम चिपने आठवडा खाल्ला होता. कार्ट्रिजमधल्या निन्टेन्डोच्या लोगोच्या 48 बाइट्स जुळल्या नाहीत तर हे यंत्र पुढे हलतच नाही, आणि माझी एक बाइट चुकली होती.

पडदा 160 बाय 144 ठिपक्यांचा, पण चित्र 8 बाय 8 च्या फरशांनी भरायचं. अख्ख्या पडद्याला 360 फरशा लागतात आणि एका वेळी सरळ वापरता येतात 256. म्हणून आलेख 96 ओळींतच कोंबलाय.

व्होल्टेज दहाव्या हिश्शावर आणणारा अटेन्युएटर लावून पिना सप्लायवर टेकवल्या. ऑपरेटर वाकून बघू लागला. आधी कानडीत, "एन्रि इदु?", हे काय हो? मग मराठीत, "अण्णा, गेम खेळायला आलाय काय?"

दर 250 मायक्रोसेकंदाला एक नमुना, म्हणजे पडद्याच्या रुंदीत 40 मिलिसेकंद. विजेच्या दोन्ही अर्ध्या लाटा एकाच दिशेला वळवणारा चार डायोडचा ब्रिज धड असता तर 100 हर्ट्झची चार कुबडं दिसायला हवी होती. दिसली दोनच, आणि मधल्या दऱ्या खोल. म्हणजे 50 हर्ट्झ. ब्रिजमधला एक डायोड उघडा पडून अर्धी लाट गायब. मीटर सरासरी सांगतो, त्याला दरी दिसत नाही. मशीनमधला सोलेनॉइड, विजेवर ओढणारी कॉइल, चालू झाला की ती दरी आणखी खाली जायची आणि कंट्रोलर मान टाकायचा.

एवढ्यात गेम बॉयचा लाल दिवा मंदावला. ऑपरेटरने आपल्या टॉर्चमधले चार सेल काढून दिले.

ब्रिज बदलला. चार कुबडं, उथळ. मशीन संध्याकाळपर्यंत एकदाही थांबलं नाही.

मालकांनी बिल वाचलं. ब्रिजचे पैसे कबूल. "पण तपासणीचे कशाला? तुम्ही तर गेम खेळत होता की हो."