खांदा बसला, मग आणखी फोटो कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. रिपोर्ट घ्यायला आलेली माणसं हा प्रश्न मला फार वेळा विचारतात : "खांदा निखळला होता, डॉक्टरांनी लगेच बसवला, एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर नाही म्हणाले. मग एमआरआय कशाला? आणि एमआरआय झालाय, तर आता वर सीटी स्कॅन कशाला?" विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा संशय असतो, आणि तो मला गैर वाटत नाही. मी रेडिऑलॉजिस्ट. ज्याचं पोटच फोटोंवर चालतं तो "काढा की अजून एक" म्हणणारच! म्हणून सरळ कारणंच सांगतो, पटली तर बघा.

खांद्याला आपण शाळेत उखळीचा सांधा म्हणायला शिकलो. ते नाव जरा फसवं आहे. उखळ खोल असतं, खांद्याची खोबण मात्र बशीसारखी उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात रुतून बसत नाही, नुसता टेकलेला असतो. एका वेळी त्याचा पाव ते एक तृतीयांश भागच काय तो तिच्यावर असतो. बशीच्या कडेनं लॅब्रम नावाची कूर्चेची गोल पट्टी असते, ती बशी थोडी खोल करते. बाकी सगळी राखण अस्थिबंधांची (म्हणजे लिगामेंटची) आणि स्नायूंची. हात डोक्यावर, पाठीमागे, चहूकडे फिरतो तो या उथळपणामुळे, आणि निखळतोही त्याच्यामुळेच.

दहापैकी नऊहून जास्त वेळा माथा पुढच्या बाजूला निसटतो. जाताना तो कडेची पट्टी उचकटतो, कधी बशीच्या काठाचा टवकाही उडवतो. मग माथ्याची मागची मऊ बाजू त्याच काठावर आपटते आणि तिला खोक पडते. म्हणजे इजा दोन्हीकडे. खांदा बसवल्यावर माथा जागेवर येतो, पण टवका आणि खोक जिथल्या तिथे राहतात.

पहिल्या एक्स-रेचं काम वेगळं असतं. माथा कुठे आहे आणि मोठं हाड तुटलंय का, एवढंच त्याला विचारायचं असतं. तेही एका फोटोवर विचारू नये, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. शिकाऊ असताना एका रात्री फिट येऊन पडलेल्या माणसाचा समोरून काढलेला एक्स-रे माझ्याकडे आला. माथा जवळपास जागेवर दिसत होता, मी 'नॉर्मल' लिहून मोकळा झालो. सकाळी वरिष्ठांनी बाजूनं, काखेतून फोटो काढायला लावला, तर खांदा मागे निखळलेला. फिट किंवा विजेचा धक्का बसला की खांदा मागे जाऊ शकतो, आणि समोरच्या फोटोत ते सहज लपतं. माथा आत वळल्यामुळे विजेच्या बल्बसारखा गोलगरगरीत दिसतो, एवढीच काय ती खूण. ती खूण माझ्यासमोर होती. आजही खांद्याचा एकच फोटो आला की मी दुसरा मागतो.

माथ्यावरच्या खोकेलाही लपायची सवय आहे. हिल आणि सॅक्स या दोन अमेरिकी रेडिऑलॉजिस्टनी १९४० मध्ये तिच्यावर लिहिलं, म्हणून ती हिल-सॅक्स. हात बाहेर वळवून फोटो काढला तर ती मागे दडते, आत वळवला की कडेला येऊन दिसते. (आमच्या शाखेच्या माणसांचं नाव एखाद्या इजेला मिळालं याचा मला उगाच अभिमान आहे. काठाची इजा मात्र सर्जनच्या नावावर गेली, लंडनच्या ब्लंडेल बँकार्टच्या. त्यांचा लेख १९२३ चा.)

आता एमआरआय. लॅब्रम, अस्थिबंध, स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे एक्स-रेत दिसतच नाहीत, त्यासाठी तो. इजेनंतर थोड्याच दिवसांत काढला तर सांध्यात साठलेलं रक्त आणि पाणीच आमच्या मदतीला येतं. ते फटीत शिरतं आणि उचकटलेली पट्टी उठून दिसते. नंतर ते आटतं, म्हणून जुन्या दुखण्यात कधी फोटोत उठून दिसणारं, पातळ केलेलं औषध सुईनं सांध्यात सोडून एमआरआय करावा लागतो.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'फाटलेलं' हा शब्द दिसला की घाबरू नका. बशीकडे आम्ही घड्याळासारखं बघतो, वर १२, खाली ६, समोर ३. समोरच्या वरच्या भागात, १ ते ३ च्या दरम्यान, पुष्कळ धडधाकट माणसांची पट्टी जन्मतःच सैल असते, काहींची तर तिथे नसतेच. बँकार्टची इजा सहसा ३ ते ६ च्या दरम्यान असते. त्यामुळे फाटलंय कुठे, हे आधी विचारा.

आणि सीटी? माझ्या मते सगळ्यात जास्त गैरसमज याच्याबद्दल. लोकांना वाटतं, एमआरआय भारी मशीन, त्याच्यानंतर सीटी म्हणजे मागे जाणं. पण हाड मोजायचं तर सीटीचा हात अजूनही सहसा कुणी धरत नाही. कॉम्प्युटरवर खांद्याची त्रिमिती प्रतिमा तयार करून दंडाचा माथा पुसून टाकता येतो. मग बशी समोरासमोर दिसते. तिचा खालचा भाग जवळजवळ पूर्ण वर्तुळ असतो, म्हणून त्यावर वर्तुळ काढायचं आणि समोरून किती गेलंय ते मोजायचं. वर्तुळ २८ मिलिमीटरचं आणि ४ मिलिमीटर गायब, तर साधारण १४ टक्के हाड गेलं. ७ गेले तर २५ टक्के. मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं की साडेतीन टक्के हलतात, म्हणून एवढा चिकटपणा.

हा आकडा का हवा? बर्कहार्ट आणि डी बीअर यांनी २००० मध्ये दुर्बिणीतून पट्टी शिवलेल्या १९४ खांद्यांचा हिशेब मांडला. हाडाची मोठी तूट नसलेल्यांपैकी ४ टक्क्यांचा त्रास उलटला, तूट असलेल्यांपैकी ६७ टक्क्यांचा. टाका तोच, पण टवका उडालेल्या बशीवर तो टिकत नव्हता. अशा वेळी हाडाचा तुकडा आणून काठ भरावा लागतो, हे वेगळं ऑपरेशन. पूर्वी २० ते २५ टक्के ही हद्द धरत. २०१५ मध्ये सैनिकांवरच्या अभ्यासात १३.५ टक्क्यांच्या पुढेच खांदा कुरकुरायला लागतो असं दिसलं, पुन्हा निखळला नाही तरी.

खोकेचा हिशेबही बशीबरोबरच करतात. हात वर करून बाहेर वळवला की बशी माथ्याच्या ज्या पट्ट्यावरून सरकते, त्याची रुंदी बशीच्या सुमारे ८३ टक्के. २८ चे ८३ टक्के म्हणजे सव्वातेवीस, त्यातून गेलेले ४ वजा, उरले सव्वाएकोणीस. कंडऱ्यांच्या जोडापासून मोजत गेलं आणि खोकेची आतली कड १७ मिलिमीटरवर संपली तर ती पट्ट्याच्या आत राहते. २२ पर्यंत गेली तर काठ खोकेत अडकतो आणि खांदा पुन्हा बाहेर. तीच खोक असली तरी बशी जितकी झिजलेली, तितकी ती जास्त घातक.

प्रत्येकाला हे सगळं लागतं का? अजिबात नाही. पहिल्यांदाच निखळला, ऑपरेशनचा विचारच नाही, तर सीटीची घाई कशाला, किरणोत्सर्गही होतोच. वयाचीही गोष्ट आहे. विशीच्या आतल्या मुलाचा खांदा पुन्हा निखळण्याची भीती जास्त, म्हणून काठ तपासायचा. चाळिशीपुढे भीती वेगळी, खांदा उचलणारे कंडरे तुटण्याची. बसवल्यावर दोन-तीन आठवड्यांनीही हात उचलत नसेल तर 'आखडलाय' म्हणून तेल चोळत बसू नका. सोनोग्राफीतही ती फाट दिसते.

एक विनंती. तुमच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा फक्त 'खांदेदुखी' लिहिलेलं असतं, आणि मग आम्ही खांदेदुखीचा खांदा वाचतो. आत येताना सांगा : निखळला होता, अमुक वेळा, शेवटचा अमुक तारखेला. जुने फोटोही आणा, त्यातही खांदा बाहेर असतानाचा पहिला एक्स-रे. बरेच जण तो घरी ठेवून येतात, कारण 'त्यात तर सगळं वाकडंच दिसतंय.' मला नेमका तोच हवा असतो.