आज आण्णांसोबत परत मुघल-ए-आझम

दुपारी परभणीत ऊन असलं तापलेलं की रस्त्यावर चिटपाखरू नाही, म्हणून आण्णांना म्हणलं चला मुघल-ए-आझम लावू, तर जेवण अर्धं सोडून आधी चष्माच पुसायला लागले. 1960 चा पिक्चर, आमच्या घरात कितीदा बघितला याचा हिशोबच नाही.

सुरुवातीला अकबर पोरासाठी नवस मागायला तापलेल्या वाळूतून अनवाणी जातो ना, तिथं आण्णा दरवेळी एकदम गप्प होतात. मी दोन वर्षाचा असताना तापानं फणफणलो होतो तेव्हा आण्णा औंढ्याला नागनाथापर्यंत अनवाणी चालत गेले होते, हे मला आईनं सांगितलंय, त्यांनी स्वतः कधीच नाही. आज मी पडद्याकडं कमी अन् त्यांच्या पायाकडंच जास्त बघत होतो.

दुर्गा खोटेंची जोधाबाई नवरा अन् पोरगा यांच्यात कशी चिरडते, ते आता बायको-लेकरं झाल्यावर कळायलंय. अन् ते शीशमहलातलं गाणं! 2004 ला सगळा पिक्चर रंगीत करून परत लागला होता, पण मला जुनाच आवडतो, कारण इतका वेळ काळं-पांढरं बघून डोळे सरावलेले असतात अन् अचानक रंग येतो, वर छताच्या आरशा-आरशात मधुबाला, काटाच येतो अंगावर.

संपल्यावर आण्णा बराच वेळ तसेच बसून. मग म्हणले, "उद्या तुझ्या पोराला पण बसव रे."